माझ्या रंगाची रेघ

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही कामाची नाही. कामाची वही गॅरेजमध्ये असते आणि ती मामा लिहितो. जे तिथे लिहिता येत नाही तेवढंच इथे लिहीन.

मामाने आज सांगितलं की एक मार्चपासून गॅरेज माझ्या नावावर. पाटी रंगवणाऱ्याला सांगूनही टाकलं म्हणे. एवढी घाई कशाला, असं मी विचारलं. "एकतीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढली. आता जरा उंटावरून शेळ्या हाकू दे," म्हणाला. मी 'बरं' म्हणाले. संध्याकाळी आई म्हणाली, माणूस आयुष्याची कमाई हातात ठेवतो आणि तू बरं म्हणतेस. मला त्याहून मोठा शब्द सुचला नव्हता.

बाईंची गाडी परत आली. बाईंनी मला सातवीत भूगोल शिकवला. आता आठवड्यातून तीनदा त्या नवऱ्याला डायलिसिससाठी टेकडी उतरून हॉस्पिटलमध्ये नेतात. तक्रार: उतारावर ब्रेक दाबला की पुढून 'ठक्' असा आवाज येतो आणि गाडी डावीकडे ओढते. वही पाहिली. चौदा महिन्यांपूर्वीची नोंद: 'खालचे दोन्ही आर्म. बुश नवे, बोल्ट नवे.' आर्म म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा लोखंडी दांडा, बुश म्हणजे त्याच्या सांध्यातलं रबर. नवे बुश चौदा महिन्यांत जात नाहीत. मामाला तसं म्हणाले. तो म्हणाला, आधी टायर बघ, हवा बघ, आर्मच्या नादी लागू नकोस. जुन्या गाडीची झाकली मूठ बरी.

मामाने मोठे पाने वरच्या फळीवरून खालच्या खणात हलवले आहेत. कारण: सोय. चांगली सुधारणा आहे, मीच सुचवायला हवी होती.

५ फेब्रुवारी, बुधवार

टायर ठीक. हवा ठीक. गाडी लिफ्टवर घेतली.

इथे आमची रीत लिहून ठेवते. बोल्ट ठरलेल्या जोराने आवळला की त्याच्या डोक्यावरून आडवी, दोन्ही बाजूंना तो बसतो त्या लोखंडी ब्रॅकेटवर उतरणारी रंगाची एक रेघ मारायची. पुढे बोल्ट सैल झाला तर रेघ मोडते आणि लांबूनही दिसते. हे बऱ्याच ठिकाणी करतात. आमच्याकडे फरक एवढाच की प्रत्येकाचा रंग वेगळा. मामा पिवळा, घड्याळकाका निळा. मला तीन वर्षांपूर्वी, डिप्लोमा झाल्यावर, पांढरा मिळाला. झाकणातच ब्रश असलेली छोटी बाटली. ती देताना मामा म्हणाला होता, "जो ओढतो तोच रेघ मारतो. पानाही नाही, वहीही नाही, ही रेघ म्हणजे तू."

बाईंच्या गाडीच्या दोन्ही खालच्या आर्मवर दोन-दोन पांढऱ्या रेघा आहेत.

सरळ, न मोडलेल्या. क्षणभर मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं. मग तारीख आठवली. त्या दिवसांत मी प्रशिक्षणाला गेले होते, बारा दिवस. मी ही गाडी पाहिलेलीही नाही.

ब्लेडने रेघ खरवडली. खाली गंज. गंजाच्या पापुद्र्यावर रंग. म्हणजे बोल्ट नवा नव्हता, आवळलेला नव्हता, कोणी त्याला पानाही लावला नव्हता. नुसती रेघ मारली. माझी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन दिवस काही बोलले नाही. आधी मोजायचं, मग बोलायचं.

एक: बाटल्या खुंटीला उघड्या टांगलेल्या असतात. कोणीही घेऊ शकतो. दोन: ब्रश जिथे टेकतो तिथे रंग जाड, सुटतो तिथे पातळ. माझ्या आणि मामाच्या रेघा डावीकडे जाड असतात. या चारही रेघा उजवीकडे जाड आहेत, म्हणजे डाव्या हाताने मारलेल्या. तीन: आमच्याकडे डावखुरा एकच.

घड्याळकाका मामाकडे बावीस वर्षं आहेत. नाव पडलं त्याचं कारण असं की सहा वाजले की अर्धा फिरवलेला नट तसाच सोडून ते हात धुतात. मला लहानपणापासून 'इंजिनिअर' म्हणतात, मी तिसरीत नापास होता होता वाचले तेव्हाही म्हणत. कामचुकार नाहीत, पण अंगावर घेत नाहीत. न सुटणारा बोल्ट पाहून सहाची वाट बघितली असेल, आणि स्वतःच्या निळ्या रंगाने अडकायला नको म्हणून माझा घेतला असेल. सगळं जुळतं.

दुपारी मामाच्या टेबलापाशी मी तिन्ही मुद्दे क्रमाने मांडले. काका समोरच होते, ग्रीसचा डबा डाव्या हातात. मामाने मला अडवलं नाही. सगळं ऐकल्यावर तो वहीकडे बघत म्हणाला, "बघतो मी."

काका माझ्याकडे नाही, मामाकडे बघत होते. मामा वर बघेना. मग काकांनी डबा ठेवला, हात धुतले आणि निघून गेले. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

मामा म्हणाला, आठ दिवस घरी बसू दे त्याला. त्याच्या आवाजात राग नव्हता. बावीस वर्षांच्या माणसाबद्दल राग यायला वेळ लागत असेल.

८ फेब्रुवारी, शनिवार

आईने गरम पाण्याची पिशवी मामाकडे पाठवून दिली. तिची कंबर आता बरी असावी.

१० फेब्रुवारी, सोमवार

बाईंना फोन करून सांगितलं की गाडी आठवडाभर लागेल, तोपर्यंत भाड्याची गाडी करा. कारण सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. फक्त म्हणाल्या, मागच्या वेळी तुझ्या मामांनी सांगितलं होतं की पोरीने स्वतः हाताने केलंय, म्हणून निश्चिंत होते. मामाला तसंच वाटत असणार. कोणीतरी त्याला तसंच सांगितलं असणार.

डावा आतला बोल्ट. गंज तारेच्या ब्रशने काढला, गंज सोडवणारं तेल सोडलं, तासाने पुन्हा, तासाने पुन्हा. नट सुटला. बोल्ट नाही. लांब दांड्याला पाइप लावून ओढलं तर डोकं चक्क आठवा हिस्सा फिरलं, आणि सोडताच जागेवर परत आलं. बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झाला आहे. आपण बोल्ट फिरवत नसतो, नळीभोवतीचं रबर पिळत असतो. हाताला वाटतं सुटला. सुटलेला नसतो.

मामा दोनदा येऊन गेला. म्हणाला, "पी हळद नि हो गोरी असं होत नसतं. तेलाला रात्रभर मुरू दे." मग म्हणाला, एवढं करून बोल्ट नवे मागवायला लागतील, पाच दिवस जातील, त्यापेक्षा नट आवळून दे, म्हातारीची गाडी आणखी किती चालणार. असं तो कोणत्याच गाडीबद्दल कधी म्हणाला नव्हता. काकांचं प्रकरण त्याला लागलेलं दिसतं.

डबा एकत्र खाल्ला, नेहमीसारखा. मामाने पोळी डाव्या हाताने तोडली. उजव्या हाताला ग्रीस होतं, बहुतेक.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गॅसच्या ज्योतीने ब्रॅकेट तापवलं. रबर वितळून धूर झाला, बोल्ट हलला नाही. नट-बोल्ट फिरवणारी हवेची बंदूक लावली. डोकं झिजायला लागलं तेव्हा थांबले. उजव्या बाजूचं तेच.

उद्या कापणार. बुश आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये चार मिलिमीटरची फट आहे. दोन्ही बाजूंनी पातळ पात्याने बोल्ट कापायचा, आर्म खाली काढायचा, डोक्याचे आणि नटाकडचे तुकडे ठोकून पाडायचे. उजेड लागेल. दोन माणसं लागतील.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जसं झालं तसं लिहिते.

मी गाडीखाली, हातात विजेची करवत. मामा दिवा धरून उभा. दिवा डाव्या हातात, डोक्याच्या वर. माझ्याच मनगटाची सावली पात्यावर पडत होती. मी म्हणाले, मामा, उजव्या हातात घे. तो आर्मला वळसा घालून पलीकडे गेला आणि तिथून डाव्याच हाताने दिवा धरला. सावली दुसरीकडून पडली. मी पुन्हा म्हणाले. त्याने दिवा उजव्या हातात घेतला आणि वर उचलला. तो छातीपर्यंत आला. तिथे थांबला. मामाचे ओठ पांढरे झाले होते.

मी करवत बंद केली.

खालच्या खणातले पाने. गरम पाण्याची पिशवी. पोळी. सगळं माझ्याच वहीत होतं, माझ्याच अक्षरात, प्रत्येकाला चुकीचं कारण जोडून.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"दीड वर्ष." दिवा त्याने ट्रॉलीवर ठेवला. "डॉक्टर म्हणतो खांदा धरलाय. सुटेल म्हणतो. सुटत नाही."

मग तो बोलत गेला, मी न विचारता. बाईंची गाडी आली तेव्हा मी नव्हते, काकांना ताप होता. त्याने एकट्याने लिफ्टवर घेतली. पाना लावला, हात वर जाईना. डाव्याने ओढलं, जोर पुरेना. बुश हलवून पाहिले, वर्षभर निघतील असं वाटलं. बाईंना दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलला जायचं होतं. नंतर करू, तू आलीस की करू, असं ठरवलं. मग मी आले, आणि मला काय सांगायचं ते त्याला ठरवता आलं नाही.

हे सगळं मी ऐकून घेतलं. खांदा समजतो. दुखणं लपवणंही समजतं. माझा प्रश्न एकच होता.

"माझा रंग का घेतलास?"

बाहेर एक गाडी वळण घेत होती, ती त्याने जाऊ दिली.

"पिवळी बाटली आधी घेतली होती," तो म्हणाला. "उघडलीसुद्धा. नाही झालं गं. एकतीस वर्षांत तिच्यावर डाग नाही."

"आणि माझी दीड-दोन वर्षांची होती. तिला डाग चालतो."

"तसं नाही, पोरी."

"मग कसं?"

तो फडक्याला हात पुसत राहिला. मी विचारलं, काकांना घालवताना तू गप्प का बसलास. त्याचं उत्तर मला माहीत होतं. मी सगळं इतकं नीट जुळवून दिलं होतं की त्याला फक्त गप्पच बसायचं होतं.

तो टेबलाकडे गेला आणि सगळ्यात खालच्या खणातून कागदात गुंडाळलेलं एक पुडकं घेऊन आला. वर बाईंच्या गाडीचा नंबर. आत नवे बुश, नवे बोल्ट, नवे नट. चौदा महिने तिथेच होते. "पाच दिवस थांबायला नको," म्हणाला.

मी पुडकं घेतलं. दिवा लोखंडी पट्टीला तारेने बांधला आणि तो बोल्ट आणि बाकीचे एकटीने कापले. दोन माणसं लागतात हा माझा अंदाज चुकीचा होता.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आईला विचारलं, खांद्याचं तुला माहीत होतं का. म्हणाली, भाऊ आहे माझा, मला नाही तर कोणाला माहीत असणार. त्याने शपथ घातली होती, तुझ्या नजरेतून उतरायचं नव्हतं त्याला.

रेघांचं मी तिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले. मग म्हणाली, "त्याला म्हातारपणात सांभाळून घे गं." मी म्हणाले, सांभाळीन. ते वेगळं, हे वेगळं. तिला ते वेगळं दिसलं नाही.

मामाचा डबा आज त्याने एकट्याने खाल्ला. मला भूक दोन वाजता लागते, असं सांगितलं; हे खरंच आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काकांच्या घरी गेले. दुसरा मजला, जिन्यात सायकली. त्यांच्या बायकोने दार उघडलं आणि ती आत वळली. काका खिडकीत बसून रेडिओ दुरुस्त करत होते, अर्थात डाव्या हाताने.

माझं चुकलं, असं मी उभ्यानेच सांगितलं. काय, कुठे आणि का चुकलं तेही सांगितलं.

"खांद्याचं मला माहीत होतं," ते म्हणाले. "रेघेचं नाही. तू बोलायला लागलीस तेव्हा कळलं."

"मग तिथेच का नाही सांगितलंत?"

"मालकाने सांगावं म्हणून थांबलो होतो." त्यांनी रेडिओचं झाकण लावलं. "आणि इंजिनिअर, तू मला विचारलं नाहीस. मोजलंस."

परत याल का, असं विचारलं. म्हणाले, सोमवारी बघू, सहाला मात्र सुटणार.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काका आठला हजर. मामा आणि ते एकमेकांना काय म्हणाले मला माहीत नाही. दोघं बाहेर पायरीवर बसले होते. आत आले तेव्हा काकांनी चहाचा कप मामाच्या डाव्या बाजूला ठेवला.

नवे बुश दाबून बसवले. बोल्टना गंज न धरणारं ग्रीस लावलं. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असताना करायचं असतं; अधांतरी आवळलं तर रबर कायमचं पिळलेलं राहतं. म्हणून गाडी उतरत्या फळ्यांवर चढवून मी खाली झोपले. ठरलेला जोर झाला की वाजणारी टॉर्क पान्याची 'टक्' ऐकली. चारदा. चारही रेघा मारल्या. डावीकडे जाड.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंना सगळं सांगितलं. मामाचं नावही सांगितलं. ते टाळता आलं असतं. 'आमच्याकडून राहून गेलं' असं एक वाक्य मी रस्त्यात तयार केलं होतं. पण चौदा महिने त्या उतारावर त्या होत्या, आणि शेजारी त्यांचा नवरा.

बाईंनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षं पेपर तपासले मी. कॉपी करणारा नेहमी विश्वासाच्या पोरीचीच वही उचलतो." माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही. चावी माझ्यापुढे धरत म्हणाल्या, चल, तू शेजारी बस.

टेकडी उतरलो. वळणावर त्यांनी मुद्दाम जोरात ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली, आवाज नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पुढच्या महिन्यात पुन्हा खालून बघशील," म्हणाल्या. म्हणजे पूर्वी विश्वास होता, आता तपासणी. योग्य आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मामाला विचारलं, अशा किती. 'चार' म्हणाला. बाईंची धरून. कागदावर नंबर लिहून दिले, वळणदार अक्षरात. टेबलावर लिहिताना त्याचा उजवा हात अजून चांगला चालतो.

मी कागद घेतला. मग कामाची वही उघडली आणि दीड वर्षात पांढऱ्या रेघेची नोंद असलेल्या सगळ्या गाड्या काढल्या. बाईंची सोडून सव्वीस. सगळ्यांना फोन केले. 'तपासणी आहे, या.' मामा शेजारच्या खुर्चीवर बसून सव्वीसही फोन ऐकत होता. उठून गेला नाही, एवढं मी त्याच्या बाजूने लिहिते.

१ मार्च, शनिवार

पाटी रंगवणारा आला. काय लिहू, म्हणाला. मी म्हणाले, जुनं पुसा, पार्श्वभूमी रंगवा, अक्षरं नंतर. तो म्हणाला, कोरी पाटी लावतं का कोणी? मामा आतून म्हणाला, "ती म्हणते तसं कर."

१३ मार्च, गुरुवार

आज सव्विसावी गाडी झाली.

बाईंची धरून खोट्या निघाल्या त्या चारच. मामाने लिहून दिल्या होत्या त्याच. मामा खरं बोलला होता. पूर्वी हे कळायला मला त्याच्याकडे नुसतं बघावं लागायचं. या वेळी सव्वीस गाड्यांच्या खाली जावं लागलं.

सव्विसाव्या गाडीला मागे माझी रेघ होती, खरी. पुढे डाव्या आर्मवर मामाची, सात वर्षांपूर्वीची. पिवळी, धुळीने मळलेली, कुठेही मोडलेली नाही. ती तपासायचं काही कारण नव्हतं. माझ्या यादीत ती नव्हती. तरी ब्लेड लावलं.

पिवळ्याखाली धातू स्वच्छ निघाला. आजूबाजूला गंज, आणि रंगाखालचा तेवढा पट्टा चकचकीत. रेघ मारण्याआधी त्याने बोल्टचं डोकं तारेच्या ब्रशने घासून पुसलं होतं, मला शिकवलं तसंच. टॉर्क पाना लावून पाहिला. तंतोतंत.

तीही खोटी निघाली असती तर बरं झालं असतं. तो सगळीकडेच असा आहे, असं म्हणता आलं असतं.

काकांनी विचारलं, झालं का. झालं म्हणाले. सहा वाजायला चार मिनिटं होती. मामा टेबलापाशी वाट बघत बसला होता, पण काय निघालं ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

खरवडलेली रेघ पुन्हा मारायला हवी होती. पिवळी बाटली खुंटीवर होती, हाताच्या अंतरावर. मी ती घेतली नाही. पांढरीही नाही; तो बोल्ट मी ओढलेला नव्हता. वहीत माझ्या अक्षरात लिहिलं: 'पुढचा डावा. बोल्ट घट्ट. रेघ नाही.' खाली सही केली आणि गाडी उतरवली.